बर्म्युडा-मीमांसा : साखळीतील वेषधैर्याचा शास्त्रीय अभ्यास

१. विषयप्रवेश

प्रौढ, विवाहित, पगारदार आणि डोक्याने ठणठणीत असा पुरुष गुडघ्यापर्यंतची बर्म्युडा घालून, हातात काहीही न घेता, गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारपेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊ शकतो काय? आणि गेलाच, तर परत येताना त्याची पत पूर्वीइतकीच राहते काय? प्रस्तुत प्रबंधाचा विषय एवढाच आहे.

या प्रश्नाकडे विद्वानांनी केलेले दुर्लक्ष चिंताजनक आहे. साखळीचे राणे, दीपाजी राण्यांचे १८५२ चे बंड, हरवळ्याची लेणी आणि तिथला धबधबा, वाळवंटीच्या पात्रात विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री सुटणाऱ्या नौका, या सर्वांवर भरपूर शाई खर्च झाली आहे. त्या शाईतला एक थेंबही साखळीकराच्या गुडघ्याच्या वाट्याला आलेला नाही.

बाहेरच्या जगात परिस्थिती किंचित बरी आहे. थॉमस कार्लाइल याने १८३३-३४ मध्ये ‘सार्टर रिसार्टस’ नावाचे वस्त्रांचे अख्खे तत्त्वज्ञान एका काल्पनिक जर्मन प्राध्यापकाच्या नावावर खपवले. जे. सी. फ्लूगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये कपड्यांच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. घरच्या अंगणात पाहायचे तर कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स यांनी ‘मोडा गोवा’ (२०१२) या ग्रंथात गोमंतकीय पेहरावाचा इतिहास मांडला आणि कुणबी साडीला पुन्हा मानाने उभे केले. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बर्म्युडावर काम करणाऱ्यासाठी असा कोणताही किताब अद्याप राखून ठेवलेला नाही, हे लेखकाने चौकशी न करताच गृहीत धरले आहे.

अभ्यासपद्धतीबद्दल एक वाक्य पुरेसे आहे. निरीक्षणे बाजारातल्या एका हॉटेलच्या बाकावरून घेतली असून संशोधनाचा सर्व खर्च मिक्स भाजी, पाव आणि मिरची या शीर्षांखाली झालेला आहे.

२. गुडघ्याचा संक्षिप्त इतिहास

उघडा गुडघा ही आधुनिक काळाने आणलेली आपत्ती आहे, असा एक समज बाजारात आढळतो. तो तपासून घेतला पाहिजे. या भागातल्या गावडा-कुणबी शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पोशाख म्हणजे काष्टी. तिच्यापुढे आजची बर्म्युडा हा अंगभर पेहराव ठरतो. शेतात राबणाऱ्या बाईची कुणबी साडीसुद्धा वर आखूड खोवलेली असे, कारण चिखलात रोप लावताना घोट्यापर्यंतची साडी फक्त चित्रातल्या बाईला परवडते. म्हणजे साखळी परिसरात गुडघा शतकानुशतके उजळ माथ्याने वावरत होता. त्याला झाकणारी पँट ही नंतरची आहे. शाळा, कचेरी आणि नोकरी यांच्यामागोमाग ती आली आणि दोनतीन पिढ्यांत अशी काही रुळली की आज तीच सनातन वाटते.

पोशाखात सरकारने ढवळाढवळ केल्याचा गोव्यातला गाजलेला दाखला १७३६ चा. त्या वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्या स्थानिक पुरुषांना पुडवें (धोतर) नेसायला आणि बायकांना हिंदू धाटणीची चोळी घालायला मनाई केली. मात्र ते फर्मान साखळीला लागू होण्यात एक तांत्रिक अडचण होती. साखळी तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हतीच. डिचोली-सत्तरीचा हा मुलूख त्यांच्या हाती लागला तो १७८१ च्या सुमारास, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. पेडणे त्याहून उशिरा, १७८८ मध्ये. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे नव्याने जिंकलेल्या मुलखातल्या, लोकांच्या धर्माला आणि रीतिरिवाजांना हात लावायचा नाही, असे धोरण तोवर ठरले होते. सारांश, साखळीकराने काय नेसावे यावर कोणत्याही राजवटीला पुरता ताबा मिळाला नाही. तो शेजाऱ्यांनीच स्वतःकडे ठेवला.

फ्लूगेलच्या मते युरोपातल्या पुरुषांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रंग, झालर, जरतार सारे टाकून दिले आणि काळ्या-करड्या कपड्यांचा आसरा घेतला. या घटनेला त्याने पुरुषांचा महात्याग म्हटले आहे. नेमक्या त्याच वीसपंचवीस वर्षांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे युरोपीय सत्तेखाली आले. याला योगायोग म्हणणारी माणसे सुखी असतात. त्यांच्याकडून प्रबंध होत नाहीत.

आमच्याकडच्या महात्यागाला आणखी एक सबब होती, ती खाणीची. वर्षानुवर्षे या पट्ट्यातून लोहखनिजाचे ट्रक धावले, आणि पांढरा शर्ट घालून निघालेला माणूस संध्याकाळी मातकट शर्टाने घरी परतू लागला. तपकिरी, करडा, मळखाऊ हे रंग शहाणपणाचे ठरले. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. धूळ बसली, तशा तिच्यावर पेटणाऱ्या कित्येक चुलीही थंडावल्या, आणि त्या भागावर वेषशास्त्राने विनोद करू नये. शास्त्राला कर्तव्य आहे ते पुढच्या निरीक्षणाशी. धूळ गेली तरी मळखाऊ शर्ट गेले नाहीत. तेव्हा पोपटी शर्ट न घालण्याचे कारण धूळ हे नव्हतेच. धुळीने आपल्याला केवळ एक सभ्य निमित्त पुरवले होते.

३. अंतराचा नियम

बर्म्युडाधारकाचे धैर्य घरापासूनच्या अंतरानुसार कसे बदलते, याची पाहणी केली असता पुढील क्षेत्रे आढळली.

(अ) अंगण. तुळशीपासून फाटकापर्यंत संपूर्ण स्वातंत्र्य. बनियनही ऐच्छिक.

(आ) वाड्यावरचा पसरो, म्हणजे किराणा दुकान. इथे बर्म्युडा चालते, मात्र हातात काहीतरी लागते. दुधाची पिशवी, अर्धा डझन अंडी, रिकामा सिलिंडर, काहीही. या वस्तूला आपण ‘कारणवस्तू’ म्हणू. बघणाऱ्याची नजर आधी कारणवस्तूवर पडते, तिथे समाधान पावते आणि गुडघ्यापर्यंत उतरायची थांबते. रिकाम्या हातांच्या माणसाला ही सोय नाही.

(इ) नुस्त्याचा बाजार. रविवारी सकाळी इथे बर्म्युडा हा जवळजवळ गणवेश आहे. बांगड्याचे पाणी ठिबकत असताना इस्त्रीची पँट घालून आलेला माणूसच उलट संशयास्पद ठरतो. पण तीच बर्म्युडा, तीच पिशवी आणि तोच माणूस चार दुकाने पुढे कापडवाल्याच्या दारात उभा राहिला, की तो एकाएकी अर्धवट कपड्यांतला दिसू लागतो. कायदा एवढ्या थोड्या अंतरात बदलण्याचे उदाहरण आंतरराष्ट्रीय सीमांवरही विरळा.

(ई) बँक आणि नगरपालिका. कर्ज, घरपट्टी, दाखला यांपैकी काहीही मागायचे असल्यास गुडघे झाकावेत. अनुभवी लोक सांगतात की खिडकीमागच्या माणसाला खिडकीपुढच्या माणसाचा कमरेखालचा भाग दिसत नाही. शास्त्रीयदृष्ट्या हे बरोबर आहे. तरी मागणाऱ्याचा आवाज बारीक होतोच, कारण बर्म्युडा कोणती आहे हे त्याला स्वतःला दिसत असते.

(उ) देऊळ. दत्ताचे असो, विठ्ठलाचे असो, इथे प्रश्न उद्‌भवत नाही. फलक लावलेला असो वा नसो, आईचा डोळा पुरतो.

(ऊ) पणजी आणि किनारा. कोणत्याही रस्त्याने पणजीला जा, मांडवी ओलांडावीच लागते. ती ओलांडली की धैर्य झपाट्याने वाढू लागते. आणि मांडवीच्या अलीकडच्याच कळंगुटच्या वाळूवर तर तीच बर्म्युडा घातलेला साखळीकर आजूबाजूच्या मानाने लग्नाला निघाल्यासारखा दिसतो.

यावरून नियम असा निघतो : वेषधैर्य हे परिचय-घनतेच्या व्यस्त प्रमाणात असते. दर दहा पावलांना भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांची संख्या जितकी जास्त, तितके धैर्य कमी. आता पूर्वपक्ष म्हणेल, मग काय बिघडले? ज्याला हौस आहे त्याने कळंगुटला जाऊन हवे ते घालावे. उत्तरपक्ष असा की, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही तिथली ऐट म्हणजे समोर संघच नसताना ठोकलेले शतक. धावफलकावर ती दिसते, पण पदार्पण झाले असे तिने सिद्ध होत नाही. वेषधैर्याची परीक्षा घेण्याचा अधिकार फक्त अशा गावाला आहे, जिथे परीक्षकाला आपल्या आजोबांची छत्रीही आठवते.

४. प्रकाशझोताच्या सिद्धान्ताचे खंडन

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचे मोठे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट देऊन मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवले. नंतर विचारले, किती जणांच्या लक्षात आले असेल? टीशर्टवाल्यांचा अंदाज होता सुमारे निम्म्यांच्या. प्रत्यक्षात ओळखले ते जेमतेम पाव लोकांनी. तात्पर्य, माणसाला वाटते की सगळा प्रकाशझोत आपल्यावर आहे, पण जगाला तेवढी फुरसत नसते. तेव्हापासून हा दिलासा साऱ्या जगात वाटला जात आहे : घाला हो बिनधास्त, कोणी बघत नाही.

साखळीला हा सिद्धान्त लागू पडत नाही. इथे ओळखणाऱ्यांचे प्रमाण पावही नाही आणि निम्मेही नाही, ते शंभर टक्क्यांच्या वर जाते. कारण सोपे आहे. बर्म्युडा प्रत्यक्ष पाहणारे वेगळे आणि ती पाहिल्याचे सांगणारे वेगळे, आणि दुसरा गट नेहमी मोठा असतो. सकाळी पाहिलेला पोपटी शर्ट दुपारी डिचोलीच्या मावशीला फोनवर हिरवा म्हणून पोहोचतो आणि रात्री वाळपईच्या आत्याकडे त्याला चट्टे पडलेले असतात. कॉर्नेलच्या खोलीत मावशी नव्हती, हा त्या प्रयोगातला मूलभूत दोष होय.

यातून एक कठोर पण उपयुक्त गोष्ट हाती येते. ‘कोणी बघत नाही’ या श्रद्धेवर उभारलेला आत्मविश्वास साखळीत पहिल्या वळणावर कोसळतो. तो उभारायचा तर ‘सगळे बघताहेत’ हेच जोते धरून उभारावा लागेल.

५. ड्रेपरीचा पुरावा

साखळीकराला मुळात धैर्यच नाही, असा निष्कर्ष यावरून कोणी काढील तर तो चुकेल. त्याने जत्रेच्या नाटकाला यावे. बर्म्युडा घालून पसऱ्यापलीकडे न जाणारा हाच गृहस्थ मखमली अंगरखा, जिरेटोप आणि गळ्यापर्यंत मोत्यांच्या माळा घालून, गाल लाल करून, अख्ख्या गावासमोर छाती काढून उभा राहतो. ड्रेपरी भाड्याची, तलवार लाकडी, मिशी डिंकाची, पण पाऊल कुठे डळमळत नाही. शिगम्याला डिचोली-पेडणे-सत्तरीकडची घोडेमोडणी पाहा : कमरेला लाकडी घोडा बांधून, भरजरी पोशाखात माणसे भर रस्त्यात नाचतात. चैत्रात विठ्ठलापूरला वीरभद्र निघतो तेव्हा त्याच्या पोशाखाकडे बोट दाखवायची कोणाची छाती होत नाही. दशावतारात तर बापये लुगडे नेसून रात्र जागवतात आणि म्हाताऱ्या बायका त्यांच्या निऱ्यांना दाद देतात.

या परंपरेचे शिखर म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७). त्यांनी रंगभूमीवर नेसलेली साडी, माळलेला गजरा, घातलेला अंबाडा पाहून महाराष्ट्रातल्या प्रतिष्ठित घरांतल्या बायकांनी आपली फॅशन ठरवली. एका पुरुषाने बायकांना साडी कशी नेसावी हे शिकवले आणि बायकांनी ते मनापासून शिकून घेतले. एवढे वेषधैर्य ज्या संस्कृतीत खपले, तिला एक बर्म्युडा जड का जावी?

उत्तर असे की, रंगमंचावरच्या पोशाखाला भूमिकेचा आधार असतो. संभाजीने काय घातले याचा जाब संभाजीला विचारायचा, संभाजीची भूमिका करणाऱ्या शिक्षकाला नाही. घोडेमोडणीला देवाची मान्यता, वीरभद्राला उत्सवाची. म्हणजे आपल्याकडे पोशाख कितीही अचाट चालतो, फक्त तो स्वतःच्या नावावर घालायचा नसतो. ज्याला स्वतःची शैली म्हणतात तिची अडचण इथेच आहे. तिच्यात माणसाला माणसाचीच भूमिका करायची असते आणि मागे प्रॉम्प्टर नसतो.

६. मॅक्सीचा दाखला

पुरुष हा प्रश्न चघळत बसले असताना गावातल्या बायकांनी तो कधीच सोडवून टाकला, हे नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मॅक्सी, जिला काही घरांत गाऊन म्हणतात, ती मुळात झोपायच्या खोलीतली. तिथून ती स्वयंपाकघरात आली, मग विहिरीवर, मग फाटकाशी, मग पसऱ्यावर, आणि आज ती मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडून येते. या प्रवासात कोणी घोषणा दिल्या नाहीत, कोणी लेख लिहिले नाहीत. फक्त एक टॉवेल किंवा ओढणी खांद्यावरून पुढे सोडली, आणि त्या हातभर कापडाने रात्रीचा कपडा दिवसाचा करून टाकला.

टॉवेलाचे कार्य शास्त्रीयदृष्ट्या सूक्ष्म आहे. तो फारसे काही झाकत नाही. तो जाहीर करतो : मी घाईत विसरून आलेली नाही, मला ठाऊक आहे मी काय घातले आहे, आणि हेच घालून मी आले आहे. तोच टॉवेल कोणी कडक इस्त्री करून घेते, कोणी साडीच्या पदरासारखा मागे टाकते, कोणी एका खांद्यावर सैनिकाच्या पट्ट्यासारखा बसवते. बाई दुरून येत असताना तोंड दिसण्याआधी टॉवेलावरून ओळखू येते. कारखान्यातून सारख्या निघालेल्या मॅक्सीवर प्रत्येकीने स्वतःची सही कुठे केली, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तिथे पाहावे.

७. धैर्याच्या चार अवस्था

आता मुख्य सिद्धान्त. प्रस्तुत लेखकाच्या मते वेषधैर्य आरशासमोर जन्म घेत नाही. ते बाजारात, चार अवस्थांतून जात पक्व होते.

पहिली अवस्था चौकशीची. साधक प्रथम रिकाम्या हातांनी बर्म्युडात दिसतो, तेव्हा गाव त्याला रागे भरत नाही. गाव मायाळू आहे. ते त्याला कारणे सुचवते. “आज सुट्टी काय रे?” “घर धुवायला काढलंय?” “पायाला लागलं काय?” इथेच बहुतेक साधक पतन पावतात. सुचवलेले कारण घेण्याचा मोह अनावर असतो. एकाने “होय, जरा मुरगळलाय” असे म्हटले आणि त्याला घरापर्यंत लंगडत जावे लागले. दुसऱ्या दिवशी शेजारून तेल आले. योग्य उत्तर एकच : “नाही, असाच.” त्यापुढे काही बोलू नये. स्पष्टीकरण देणारा माणूस स्वतःच आरोपपत्र लिहून देत असतो.

या निरीक्षणाला इटलीतून दुजोरा मिळतो. सिल्व्हिया बेलेझा आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिलान शहरातल्या महागड्या दुकानांतल्या विक्रेत्यांना दोन गिऱ्हाइकांविषयी विचारले होते. एक फरचा कोट घातलेली, दुसरी व्यायामाच्या कपड्यांत. विक्रेत्यांनी जास्त बडी मानली ती दुसरी : एवढ्या दुकानात अशी येते म्हणजे हिला कोणाची पर्वा नाही. मात्र त्याच अभ्यासात एक अट निघाली. चाकोरी मुद्दाम मोडली असे पाहणाऱ्याला वाटले तरच प्रतिष्ठा वाढते. चुकून मोडली असे वाटले तर नाही. म्हणजे मिलानच्या विक्रेत्याने आणि साखळीच्या बायकांनी, एकमेकांना न भेटता, एकच तत्त्व शोधून काढले. तिकडे त्याचा शोधनिबंध झाला, इकडे टॉवेल. साखळीतल्या सोनाराच्या पेढीवर हाच प्रयोग करावा, असा लेखकाचा मानस होता. पण तिथे बर्म्युडातला माणूस आखातातून सुट्टीवर आलेला आहे की बायकोची पाटली गहाण ठेवायला आलेला आहे, याबद्दल पेढीवरच्यांची मते जुळण्याची चिन्हे नव्हती.

दुसरी अवस्था टोपणनावाची. चौकशी थकली की गाव नाव ठेवते. बर्म्युडावालो, पोपटी, गॉगल, जाकीट. नवशिक्याला हा पराभव वाटतो. वस्तुतः ही सनद आहे. ज्या माणसाच्या कपड्यावरून परक्याला पत्ता सांगितला जातो, तो गावाच्या नकाशावर नोंदला गेला.

तिसरी अवस्था विस्मरणाची. आता बर्म्युडा कोणालाच दिसत नाही. ती माणसाच्या चालीसारखी, खोकल्यासारखी त्याचीच होऊन जाते. काही साधक या अवस्थेत निराश होऊन नवीन काहीतरी घालू लागतात. ते धैर्याचे साधक नव्हेत, ते चौकशीचे व्यसनी होत.

चौथी अवस्था उलट चौकशीची. ही सिद्धी. एके दिवशी बँकेच्या कामासाठी तोच माणूस फुलपँट घालून निघतो, आणि बाजार थांबतो. “कोण गेलं रे?” “कोर्टात तारीख?” “तब्येत बरी मा?” ज्या दिवशी सरळ पँटीबद्दल खुलासा द्यावा लागतो, त्या दिवशी बर्म्युडा त्याची झाली. गावाचा कायदा तसाच राहतो, फक्त त्यात एका माणसापुरते कलम वाढते. त्यासाठी साधकाकडे रूप, पैसा, उंची यांपैकी काहीही लागत नाही. गावाच्या कुतूहलापेक्षा थोडे जास्त दिवस टिकण्याची चिकाटी मात्र लागते.

८. शिफारशी

(१) नव्या साधकाने सुरुवात जूनमध्ये करावी. पावसात बाजारात तांबडे पाणी वाहत असताना गुडघ्याखालची पँट हाच मूर्खपणा असतो. मात्र निमित्ताचा हा पाऊस ऑक्टोबरात संपतो आणि खरी साधना तेव्हा सुरू होते, याची जाणीव ठेवावी.

(२) कारणवस्तू टप्प्याटप्प्याने कमी करावी. आधी भरलेली पिशवी, मग रिकामी, मग घडी करून खिशात.

(३) एका वेळी एकच चाकोरी मोडावी. बर्म्युडा, पोपटी शर्ट आणि हॅट एकदम घातल्यास गाव चौकशी करत नाही, थेट घरी फोन करते.

(४) लग्न, मयत आणि मुलीचे सासर ही क्षेत्रे अभ्यासातून कायमची वगळावीत. धैर्य आणि मुजोरी यांच्यामधली सीमा तिथून जाते.

(५) हातात मोबाइल धरून आपले फोटो काढत चालू नये. त्याने ‘असाच’ हे उत्तर खोटे पडते.

पुढील संशोधनास वाव असलेले विषय : देवळाच्या पायरीवर गॉगल डोक्यावर सरकवावा की खिशात घालावा, जीन्स फाटकी विकत घेतली की आपोआप फाटली, हे आजीला पुराव्यानिशी कसे पटवावे, आणि नवऱ्याची बर्म्युडा व बायकोची मॅक्सी एकाच फुलाफुलांच्या ताग्यातली निघाल्यास दोघांनी किती अंतर ठेवून चालावे. इच्छुकांनी अर्ज करावेत. मार्गदर्शक म्हणून मात्र कोणी आपल्या आईचे नाव देऊ नये. तिचे निष्कर्ष प्रबंध सुरू होण्याआधीच तयार असतात आणि परीक्षक मंडळावर सगळ्या मावश्याच असतात.